शॉटरीचे शाकारलेले घर

बिस्किटांच्या डब्यांवर, दिनदर्शिकांवर आणि मुलांच्या तुकडे जुळवण्याच्या खेळांवर विलायतेतील एका घराचे चित्र फार दिवसांपासून छापले जात आहे. पुढे फुलांनी गच्च भरलेली बाग, मागे पांढुरक्या भिंतींवर काळसर लाकडांच्या आडव्याउभ्या रेघा, आणि या सगळ्यावर, टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखे, खिडक्यांवर उतरलेले काडाचे जाड छप्पर. वाचकांपैकी पुष्कळांनी हे चित्र पाहिले असेल. घर कोणाचे हे मात्र सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावापासून सुमारे मैलभरावर शॉटरी नावाचे खेडे आहे, तिथले हे घर. शेक्सपिअरची बायको अ‍ॅन हॅथवे हिचे हे माहेर. जगभरची माणसे ते पाहायला येतात ती जावयाच्या नावाखातर. मला मात्र सासऱ्याच्या घराविषयी लिहायचे आहे. जावई यायचा तेव्हा येईल.

पहिली गोष्ट म्हणजे या घराला ‘कॉटेज’ म्हणणे ही थोडी अतिशयोक्तीच आहे, आणि तीही उलट्या दिशेची. इंग्रजीत कॉटेज म्हणजे खरे पाहता गरिबाची झोपडी, फार तर मजुराचे दोन खोल्यांचे खोपटे. या घरात बारा खोल्या आहेत. शेक्सपिअरच्या काळी याला ‘ह्यूलँड्स फार्म’ म्हणत आणि त्याच्यामागे नव्वद एकरांहून अधिक जमीन होती. हॅथवे मंडळी मेंढ्या राखणारी, धान्य पिकवणारी, खाऊनपिऊन सुखी अशी कुळे होती. आपल्याकडे खोताखालोखाल ज्या कुळाच्या अंगणात चार खटारे सुटत, त्या दर्जाचे घराणे म्हणा. ‘अ‍ॅन हॅथवेचे कॉटेज’ हे गोंडस नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहुण्यांनी दिले, घरच्यांनी नव्हे. पाहुण्यांना महाकवीची सासुरवाडी चिमुकली आणि भाबडी हवी होती.

घराचा सर्वांत जुना भाग १४६३ सालचा आहे. हा आकडा कोणत्या शिलालेखावरून किंवा कागदावरून आलेला नाही. तो खुद्द लाकडाने सांगितला. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय पडते. साल चांगले गेले की वलय रुंद, वाईट गेले की अरुंद. आणि एका मुलखातील एका जातीच्या झाडांत या रुंद-अरुंद वलयांचा क्रम साधारण सारखाच असतो. आज उभ्या असलेल्या झाडापासून मागे जुन्या तुळयांकडे, तिथून त्याहून जुन्या तुळयांकडे असे जुळवत गेले की शतकानुशतकांचे एक पंचांगच तयार होते. मग कुठल्याही तुळईचा पेन्सिलीएवढा नमुना काढून त्या पंचांगाशी ताडून पाहावा. साल उरली असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले तेसुद्धा कळते.

इथे कोणी विचारील की झाड तोडल्याचे साल तेच घर बांधल्याचे साल कशावरून? प्रश्न रास्त आहे. आपला जुना सुतार सागवान आणले की ते वर्षानुवर्षे वाळत टाकी आणि मगच त्याला हात लावी. तिकडे रीत उलटी. ओक एकदा वाळला की लोखंडासारखा होतो, वाकस आणि पटाशी दोन्ही त्याच्यापुढे हात टेकतात. म्हणून तो ओलाच तोडायचा, ओलाच तासायचा आणि ओलाच उभा करायचा. मग तो घर होऊन वाळे. वाळताना पिळवटे, तडके, वाके, आणि त्या ओढाताणीत सांधे अधिकच घट्ट बसत. या जुन्या घरांच्या तुळया ज्या वाकड्यातिकड्या दिसतात त्या म्हातारपणामुळे नव्हेत; पहिल्या काही वर्षांतच त्या तशा झाल्या. सांध्यांत लोखंडी खिळा नाही. कुसू आणि खोबण, आणि आरपार ठोकलेली ओकाचीच खुंटी.

१४६३ म्हणजे किती जुने, तर त्याच साली बिदरला बहमनी तख्तावर तिसरा मुहम्मदशाह बसला. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. विलायतेत दोन राजघराणी एकमेकांचा निःपात करीत होती. त्या धामधुमीत शॉटरीतल्या कोणा शेतकऱ्याने शांतपणे तीन खोल्यांचे घर उभे केले, आणि ते टिकले.

त्याची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. रानात जाऊन सुतार मुद्दाम वाकडे झाड शोधी. बुंध्यापासून थोडे सरळ जाऊन मग एका बाजूला कलणारा ओक मिळाला की तो उभा चिरून त्याचे दोन जोडभाऊ करीत. हे दोन भाऊ जमिनीवर पाय फाकून समोरासमोर उभे केले की त्यांची डोकी वर आढ्यापाशी एकमेकांना टेकत. नमस्कारासाठी जोडलेले हात आणि बाजूला काढलेली कोपरे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे आकार ध्यानात येईल. मध्ये एक आडवी तुळई ठोकून त्याची कैची पक्की करायची. अशा कैच्या ठराविक अंतरावर उभ्या केल्या, त्यांच्या माथ्यावर आढे ठेवले, वासे सोडले की घराचा सांगाडा झाला. छपराचे सारे ओझे या वाकड्या लाकडांतून थेट जमिनीत उतरते. भिंतींवर काहीच भार नाही. भिंत म्हणजे नुसता आडोसा; ती पडली तरी घर उभे राहते. स्ट्रॅटफर्डच्या उत्तरेकडचा मुलूख त्या काळी आर्डनचे रान म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे ओकाला तोटा नव्हता. शेक्सपिअरच्या आईचे माहेरचे आडनावही आर्डनच, आणि त्याच्या एका सुखान्त नाटकातले प्रेमी जीव भटकतात त्या रानाचे नावही तेच.

आता त्या आडोशाविषयी. लाकडांच्या चौकटींत ओकाच्या उभ्या काठ्या बसवायच्या, त्यांच्यात हेझलच्या ओल्या फोका आडव्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि बारीक तोडलेले काड एकत्र तुडवून त्याचा गिलावा थापायचा. कोकणातला किंवा मावळातला वाचक हे वाचून हसेल. हा तर आपला कूड! हेझलच्या जागी कारवी घातली की झाले. हजारो मैलांवरचा शेतकरी आणि आपल्या सह्याद्रीच्या कुशीतला शेतकरी यांनी एकमेकांचे तोंड न पाहता भिंतीचा एकच पाठ लिहिला आहे. हाताशी रान आहे, गोठ्यात गुरे आहेत, पायाखाली माती आहे. मग दुसरे सुचणार तरी काय? फरक पडतो तो पायापाशी आणि वरच्या रंगात. तिथे ओकाचे बूड ओल धरू नये म्हणून खाली बेताच्या उंचीचे दगडी जोते घालीत आणि गिलाव्यावर चुन्याचा हात देत. काळ्या डांबरी लाकडांचा आणि शुभ्र भिंतींचा जो झगझगीत पट्टेरी थाट आज इंग्लंडात जागोजागी दिसतो, तो बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील हौस आहे. त्याआधी ओक न रंगवता तसाच सोडीत, तो उन्हापावसाने रुपेरी राखाडी होई. किंवा भिंतीबरोबर त्याच्यावरही चुना फिरवीत. मला स्वतःला तो राखाडी रंगच अधिक खानदानी वाटतो.

जुन्या भागाच्या डोक्याकडे चढावर जो उंच भाग आहे तो सतराव्या शतकाच्या आरंभीचा, अ‍ॅनच्या भावाने म्हणजे बार्थॉलोम्यूने वाढवलेला. घर उतारावर असल्यामुळे एका भागातून दुसऱ्यात जाताना पायऱ्या चढाव्या लागतात. चालता चालता आपण दीडशे वर्षे ओलांडून जातो. इथे वाकड्या झाडाच्या कैच्या नाहीत. इथे सरळ खांब, सरळ तुळया आणि त्यांचे चौकोन, म्हणजे लाकडी पेटीसारखी बांधणी. तोवर वाकडे मोठे ओक दुर्मिळ होऊ लागले होते आणि माडीची हौस वाढली होती. या पद्धतीत सुतार आपल्या अंगणातच घराच्या बाजू जमिनीवर आडव्या मांडून जोडी, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरी, मग खुंट्या काढून सगळे सुटे करी आणि गाडीत घालून जागेवर नेऊन आकड्याला आकडा लावून उभे करी. घर म्हणजे एक मोठे फर्निचरच. ते बसवता येते तसे उकलताही येते. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला खुद्द जावईबापूंच्या मंडळींनी घालून दिला. लंडनमधल्या त्यांच्या नाटकगृहाच्या जागेचा करार संपला, जमीनमालक दाद देईना; तेव्हा १५९८च्या डिसेंबरात नाताळची धामधूम चालू असताना त्यांनी पीटर स्ट्रीट नावाच्या सुताराला बरोबर घेऊन अख्खे नाटकगृह खुंट्या काढून उकलले आणि त्याचे ओक नदीपलीकडे नेऊन १५९९ साली ‘ग्लोब’ उभारले. जमीन मालकाची, लाकूड आमचे, असा खाक्या. पुढची सारी मोठी नाटके त्या उचलून आणलेल्या लाकडांच्या सावलीत झाली.

पुन्हा शॉटरीत येऊ. १४६३च्या त्या घरात मधली खोली मुख्य, तिला ‘हॉल’ म्हणत. तिच्यावर माळा नव्हता. मान वर केली की थेट छप्पर दिसे. जमिनीच्या मधोमध विस्तव, आणि धुराडे नाही. धूर वर चढे, वाशांमध्ये घोटाळे आणि काडांतून वाट काढीत हळूहळू बाहेर जाई. अशा घरांच्या आढ्यावर काजळीचा थर बसलेला आढळतो, आणि तो पाहूनच जाणकार ओळखतात की इथे एके काळी वर काही नव्हते. डोळे चुरचुरत असतील, खोकला येत असेल, हे खरे. पण धुराने काड कोरडे राही, कीड पळे, आणि वर टांगलेले मांस टिके. आपल्याकडे चुलीच्या धुराने पेंढ्याला आणि माळ्यावरच्या बियाण्याला जे संरक्षण मिळे तेच हे. इंग्लंडच्या दक्षिण भागात काही जुन्या छपरांचा सर्वांत आतला, धुराने काळा पडलेला थर अजून जाग्यावर आहे. त्यातून मध्ययुगीन गव्हाच्या ओंब्या आणि शेतातले तण जसेच्या तसे निघाले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांना इतके जुने पीक दुसरीकडे कुठे सहजी पाहायला मिळते?

सोळाव्या शतकात मात्र हा धूर गेला. विटांची आणि दगडांची धुराडी उभी राहिली, आणि एकदा धूर नळकांड्यात कोंडला की वरची मोकळी पोकळी फुकट कशाला घालवायची? तिच्यात तुळया टाकून तक्तपोशी केली, खाली एक खोली आणि वर एक खोली झाली. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने १५७७ साली आपल्या देशाचे वर्णन लिहिले आहे. त्याच्या गावची म्हातारी माणसे आपल्या हयातीत तीन गोष्टी आश्चर्य वाटावे इतक्या पालटल्या असे सांगत, त्यांत पहिली होती धुराड्यांची वाढलेली संख्या. बाकीच्या दोन म्हणजे अंथरुण-उशा आणि लाकडी ताटांच्या जागी आलेली कथलाची भांडी. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ साली एक निबंध लिहून १५७० ते १६४० या काळाला ‘महापुनर्बांधणी’ असे नाव दिले. पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या सनावळीत दुरुस्त्या सुचवल्या, पण शॉटरीचे घर त्या चित्रात चपखल बसते. धुराडे आले, माडी आली, जिना आला. नवराबायकोला दार लावून घेता येईल अशी खोली आली. घरगड्याने आणि मालकाने एकाच विस्तवाभोवती बसण्याचे दिवस सरत चालले. हे सगळे एका धुराड्याच्या पोटी. आज घराच्या मध्यावर जे मोठे धुराडे दिसते त्याच्यावर ‘आय. एच. १६९७’ अशी अक्षरे आहेत. ती त्या पिढीतल्या जॉन हॅथवेची, त्याने ते नव्याने बांधले तेव्हाची. जुन्या लॅटिन वळणाने ‘जे’च्या जागी ‘आय’ लिहीत.

अ‍ॅनचा बाप रिचर्ड हॅथवे १५८१च्या सप्टेंबरात वारला. मरण्यापूर्वी त्याने केलेले मृत्युपत्र उपलब्ध आहे, आणि घराचा इतिहास सांगणारा त्याहून बोलका कागद मला ठाऊक नाही. चार मुलगे, तीन मुली आणि मागे राहणारी दुसरी बायको जोन. तो म्हणतो की हॉलमधले लाकडी अस्तर आणि बैठकीच्या खोलीतले सुताराने जोडून केलेले दोन पलंग हे जोन विधवा म्हणून हयात असेपर्यंत आणि त्यानंतर मुलांच्या हयातीपर्यंत जागचे हलवू नयेत. घरात पैसा कशावर खर्च झाला होता ते यावरून कळते. धूर गेल्यावर भिंतींना फळ्यांचे अस्तर लावता आले, आणि पेंढ्याच्या गादीची जागा खांबांच्या पलंगाने घेतली. ही त्या घराण्याची नवी श्रीमंती होती. म्हातारा जिवापाड जपत होता. पलंग हे त्याच्या लेखी सामान नव्हते, भिंतीइतकेच स्थावर होते.

याच मृत्युपत्रात ‘अ‍ॅग्नेस’ या मुलीला तिच्या लग्नाच्या दिवशी दहा मार्क, म्हणजे सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स, द्यावेत असे लिहिले आहे. अ‍ॅग्नेस म्हणजेच आपली अ‍ॅन. त्या काळी हे नाव ‘अ‍ॅनिस’ असे उच्चारीत आणि दोन्ही नावे एकमेकांत मिसळून जात. शिवाय म्हाताऱ्याने आपली देणी प्रामाणिकपणे नोंदली आहेत, त्यांत टॉमस व्हिटिंग्टन या आपल्या मेंढपाळाचे चार पौंड सहा शिलिंग आठ पेन्स आहेत. हा मेंढपाळ पुढे १६०१ साली वारला, तेव्हा त्याच्याही मृत्युपत्रात एक नोंद सापडते: विल्यम शेक्सपिअरच्या बायकोच्या, अ‍ॅनच्या, हाती असलेले माझे चाळीस शिलिंग स्ट्रॅटफर्डच्या गोरगरिबांना द्यावेत. बापाचा मेंढपाळ म्हातारपणी आपली पुंजी मालकाच्या लेकीपाशी ठेवतो. अ‍ॅनने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्यापाशी नाही, तिचे चित्र नाही, तिच्या बोलण्याचा शब्द नाही. नवऱ्याच्या चरित्रकारांनी तिच्याविषयी हवे ते लिहिले, आणि ते बहुतेक वाईटच लिहिले. पण ज्याच्याकडे फसवून घेण्याची ऐपत नव्हती असा एक म्हातारा धनगर तिच्यावर चाळीस शिलिंगांचा विश्वास टाकत होता, हे कागदावर आहे. शंभर चरित्रकारांपेक्षा मी त्या धनगराची साक्ष जास्त मानतो.

बाप गेल्यावर सुमारे सव्वा वर्षाने लग्न झाले. २८ नोव्हेंबर १५८२ रोजी शॉटरीच्याच दोन शेतकऱ्यांनी, फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन यांनी, या लग्नासाठी वूस्टरच्या धर्मपीठाकडे चाळीस पौंडांचा जामीन लिहून दिला. नवरा अठरा वर्षांचा, नवरी सव्विसाची. पुढल्या मे महिन्याच्या २६ तारखेला थोरली मुलगी सुझॅना हिचा बाप्तिस्मा झाला. घाई कशाची होती ते वाचकांना बोटांवर मोजता येईल. यावरून मोठमोठ्या विद्वानांनी अ‍ॅनला काय काय म्हटले आहे ते दिवाळीच्या अंकात देण्यासारखे नाही. जामीन राहिलेल्या दोघांचीही नावे रिचर्डच्या मृत्युपत्रात आहेत, एक देखरेख करणारा म्हणून, दुसरा साक्षीदार म्हणून. म्हणजे मित्राच्या पोरक्या मुलीमागे हे दोघे उभे राहिले. गाव तिच्या बाजूचे होते.

आणि मग तो सुप्रसिद्ध पलंग. १६१६ साली शेक्सपिअरने मृत्युपत्र केले त्यात बायकोच्या नावाने एकच वस्तू आहे, ‘दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम पलंग’. यावर किती शाई सांडली! अपमान, तिटकारा, जुना सूड, नाना तर्क. कोणी म्हणतात की उत्तम पलंग पाहुण्यांसाठी असे आणि दुसरा नवराबायकोचा. खरे काय ते त्या दोघांना ठाऊक. मला एवढेच वाटते की ज्या घरात पलंग हे स्थावर मानले जाई, जिथे बापाने शेवटच्या आजारात आधी पलंगांची व्यवस्था लावली, त्या घरातल्या मुलीला पलंग या शब्दाचे वजन आजच्या टीकाकारांपेक्षा निराळे कळले असेल. शॉटरीच्या माडीवर कोरीव ओकाचा एक जुना पलंग आहे, ‘हॅथवे पलंग’ म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला. रिचर्डच्या मृत्युपत्रातल्या दोन पलंगांपैकी तो आहे असे सांगणारा एकही पुरावा नाही. परंतु ते वाक्य वाचून आलेल्याचा पाय त्याच्यापाशी थोडा रेंगाळतोच.

हॅथवेंनी हे घर सोडले नाही. बार्थॉलोम्यूने १६१० साली ते विकत घेतले, तेव्हा कुळाचे मालक झाले. याउलट जावयाची कथा पाहा. त्याने १५९७ साली स्ट्रॅटफर्डमध्ये ‘न्यू प्लेस’ हे गावातले मोठ्यांतले एक घर घेतले. त्याचा वंश नातीपाशी खुंटला, आणि १७५९ साली त्या वेळच्या मालकाने, फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या एका रागीट पाद्र्याने, यात्रेकरूंचा आणि कराचा वैताग येऊन त्या जागेवरचे घर पाडून टाकले. कवीचा वाडा गेला, सासऱ्याचे काडाचे घर राहिले.

पाहुण्यांची वर्दळ इकडे वळली त्यात एका बापलेकांचा वाटा मोठा आहे. सॅम्युएल आयर्लंड हा चित्रे आणि जुन्या वस्तूंचा वेडा गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन शॉटरीत आला. घरच्यांनी त्याला एक ओकाची खुर्ची विकली; तिच्यावर बसून शेक्सपिअर प्रियाराधन करीत असे म्हणे. मण्यांची एक थैलीही त्याने घेतली. एव्हन नदीकाठच्या देखाव्यांचे पुस्तक त्याने १७९५ साली काढले त्यात या घराचे चित्र आहे, आणि तेव्हापासून ते जगाला ठाऊक झाले. बापाचे वेड पाहून मुलगा, विल्यम हेन्री, भलत्याच मार्गाला लागला. बापाला खूश करण्यासाठी त्याने शेक्सपिअरच्या हस्ताक्षरातले कागद बनवायला सुरुवात केली. अ‍ॅनला लिहिलेले प्रेमपत्र, सोबत केसांची बट, आणि अखेर एक अख्खे नाटक. ते नाटक २ एप्रिल १७९६ रोजी लंडनला ड्रुरी लेनमध्ये झाले आणि प्रेक्षकांच्या हशात बुडाले. पोराने मग कबुली दिली. बापाचा मात्र मरेपर्यंत त्या कबुलीवर विश्वास बसला नाही! शेक्सपिअरच्या नावाने आपल्याकडेही कमी उलाढाली झाल्या नाहीत, पण त्या सरळ होत्या; आगरकरांनी ‘विकारविलसित’ केले ते स्वतःच्या नावावर.

एकोणिसाव्या शतकात घराण्याला उतरती कळा लागली. घरात वेगवेगळी बिऱ्हाडे आली. १८४६ साली पैशाच्या ओढीने घर विकावे लागले, आणि बार्थॉलोम्यूने मिळवलेली मालकी गेली; त्याच घरात त्याचे वंशज पुन्हा भाडेकरू झाले. वंशातली मेरी बेकर ही वृद्ध बाई आल्यागेल्याला घर दाखवी, घराण्याचे बायबल उघडून त्यातली नावे वाचून दाखवी. शेक्सपिअरच्या जन्मस्थानाची देखभाल करणाऱ्या विश्वस्त संस्थेने १८९२ साली हे घर घेतले, पण म्हातारीला हलवले नाही. १८९९ साली मरेपर्यंत ती तिथेच राहिली. खुर्च्या, थैल्या आणि फांद्यांचे तुकडे नेणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीतून घर इतके दिवस शाबूत राहिले याचे श्रेय मी तिला देईन. घरात माणूस राहता असला की तुळईला उगाच कोणी चाकू लावीत नाही.

काडाच्या घराचा खरा वैरी म्हणजे विस्तव. १५९४ आणि १५९५ अशी लागोपाठ दोन वर्षे स्ट्रॅटफर्ड आगीत होरपळले, १६१४ साली पुन्हा. शेवटी तिथल्या नगरसभेने काडाची छपरे बंद करून कौले घालण्याची सक्ती केली. शॉटरी वेशीबाहेर, घरे विरळ, म्हणून तिथे काड राहिले. लंडनमध्ये तर काडावर तेराव्या शतकापासून बंदी होती. पण ग्लोब शहराच्या हद्दीबाहेर नदीपलीकडे होते, आणि मंडळींनी स्वस्त पडते म्हणून त्याला काड घातले. २९ जून १६१३ रोजी आठव्या हेन्रीच्या नाटकात राजाच्या प्रवेशाला तोफ डागली, ठिणगी छपरात गेली, आणि तासा-दोन तासांत उकलून आणलेले ते सारे ओक राख झाले. माणूस कोणी दगावले नाही. एकाच्या विजारीने मात्र पेट घेतला, ती त्याने शेजारच्या बाटलीतल्या बिअरने विझवली. ग्लोब पुन्हा उभे राहिले ते कौले घालून. १९९७ साली त्याची नवी प्रतिकृती लंडनमध्ये खुली झाली. १६६६च्या महाआगीनंतर त्या शहरात काडाच्या छपराला मिळालेली ती पहिली परवानगी, आणि तीही आढ्यावर पाण्याच्या तोट्या बसवण्याच्या अटीवर.

शॉटरीच्या घराची पाळी आली १९६९ साली. आगीत छपराची आणि एका अंगाची फार हानी झाली. जुन्या कैच्या वाचल्या त्या ओकाच्या जाडीमुळे. जाड ओक जळताना बाहेर कोळशाचा थर धरतो आणि आतला गाभा राखतो. जळलेले भाग त्याच पद्धतीने पुन्हा घडवले गेले. मग हे घर १४६३चेच राहिले का, असा प्रश्न चिकित्सक वाचक करील. मी उलट विचारतो, काडाचे छप्पर टिकते पंधरा ते पंचवीस वर्षे. साडेपाचशे वर्षांत ते निदान वीस वेळा तरी नवे झाले असेल. कोकणात वैशाखात घर शाकारले म्हणून कोणी नवे घर बांधले असे म्हणतो का? ओक राहिला, हात बदलले, आणि दर पिढीने वर एक थर चढवला.

मात्र हल्ली अडचण येते ती काडाचीच. छपराचा उतार चांगला उभा, पंचेचाळीस अंशांच्याही वर, ठेवायचा. काड लांब, सरळ आणि पोकळ हवे, म्हणजे पाणी एका काडीवरून दुसरीवर उतरत पागोळीपर्यंत जाते आणि आतले दोन-चार बोटांखालचे कोरडे राहते. जुना गहू पुरुषभर उंच वाढे. नव्या बुटक्या जाती आल्या, ज्यांनी १९६०नंतरच्या दशकात आपल्या पंजाबची कोठारे भरली. त्यांचे पीक दुप्पट, पण काड गुडघ्या-मांडीएवढे. शिवाय कापणी-मळणी एकदम करणारे यंत्र ते काड चेंदून टाकते. म्हणून छपरे शाकारणाऱ्यांसाठी काही इंग्रज शेतकरी मुद्दाम लांब काडाचा गहू पेरतात. १९६४ सालची ‘मॅरिस विजन’ ही जात त्यांत विशेष आवडती. ती पुरती पिकण्याआधीच कापावी लागते, पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवाव्या लागतात, आणि कापण्यासाठी पेंढ्या बांधणारी जुनी यंत्रेच लागतात. ती यंत्रे आता कोणी बनवीत नाही. ज्यांच्याकडे आहेत ते एकमेकांची मोडलेली यंत्रे उसनी घेऊन त्यांचे सुटे भाग काढतात.